फोटो पळायलाय! वर्डमध्ये चित्र जागेवर का थांबत नाही आणि त्याला कसं थांबवायचं

"सर, फोटो पळायलाय."

परभणीत टायपिंग आणि डीटीपीचं दुकान चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढायच्या आधीच दुखणं कळतं. फाइल वर्डची असते. फोटो काल चौदाव्या पानावर होता, आज पंधराव्यावर गेलाय, आणि खाली त्याचं नाव मात्र चौदाव्यावरच बसून आहे. वर माणूस शपथेवर सांगतो, "म्या काहीच नाही केलं. वर नुसती एक ओळ वाढवली."

तीच ओळ भोवते. पण दोष ओळीचाही नाही.

आमच्या गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे प्रबंधांना तोटा नाही. कापसाची बोंडं, सोयाबीनचे प्लॉट, पानांवरचे डाग, असे पन्नास-साठ फोटो एका फाइलमध्ये. त्यात शाळांचे अहवाल, ग्रामपंचायतीचे प्रस्ताव, लग्नाचे बायोडाटा. कागद वेगळा, तक्रार एकच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी खुंटी शोधा

वर्डमध्ये चित्र पानावर ठेवलेलं नसतं. आपल्याला तसं दिसतं, कारण आपण माउसनं ओढून ते पानावर सोडतो. पण वर्डच्या हिशेबात पान ही पक्की वस्तूच नाही. मजकूर वाहत येतो, भरला की पुढचं पान सुरू होतं. म्हणून मोकळं चित्र, म्हणजे माउसनं हवं तिथं ओढता येणारं, वर्ड कुठल्यातरी परिच्छेदाला बांधून ठेवतं. हा परिच्छेद म्हणजे खुंटी. तो ज्या पानावर जाईल, त्याच पानावर चित्र जाणार. दावं लांब असेल, जनावर गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला उभं असेल, पण खुंटी उपटून शेजारच्या गोठ्यात ठोकली तर जनावरही तिकडंच दिसणार.

ही खुंटी डोळ्यांनी दिसते. होम टॅबवर उलट्या 'पी'सारखं एक चिन्ह आहे, ते दाबा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबा. सगळीकडं ठिपके आणि एंटरच्या खुणा दिसायला लागतील. आता चित्रावर एकदा क्लिक करा. डाव्या समासात, कुठल्यातरी परिच्छेदाच्या सुरुवातीला जहाजाच्या नांगराचं छोटं चित्र उमटेल. तो अँकर. मराठीत त्यालाही नांगरच म्हणतात, पण आमच्याकडं समुद्र नाही. 'नांगर दिसतो का बघ' म्हटलं की पोरं बैल शोधायला लागतात. म्हणून दुकानात आम्ही खुंटीच म्हणतो.

चिन्ह चालू करूनही नांगर दिसला नाही, तर दोन शक्यता. एक तर चित्र ओळीतच बसलेलं आहे, त्याला अँकर नसतोच. नाहीतर कुणीतरी अँकर दाखवणं बंद केलंय. फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथं 'ऑब्जेक्ट अँकर्स'वर खूण करा.

या खुंटीमुळं आणखी एक अपघात होतो. नको असलेला परिच्छेद अख्खा निवडून डिलीट केला आणि चित्र त्यालाच बांधलेलं असेल, तर तेही गेलं. चित्र अर्धं पान खाली असलं तरी जातं. "फोटो गायबच झाला" अशी तक्रार बहुतेकदा याचीच असते. लगेच कंट्रोल-झेड मारलं तर परत येतो.

शेवटच्या ओळीला बांधलेला झेंडा

गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. १७ सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडं मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमपत्रिकांची गर्दी असते. एका शाळेची पत्रिका मीच केली होती. एकच पान, वर उजव्या कोपऱ्यात तिरंग्याचं चित्र, मधे कार्यक्रम, खाली 'आपले विनीत'. सर बघून गेले, खूश झाले. संध्याकाळी फोन आला, "प्रमुख उपस्थितीत दोन नावं राहिलीत." टाकली. तासाभरानं आणखी एक. तेही टाकलं. आमच्याकडं पत्रिका छापायला जाईपर्यंत उपस्थिती वाढतच असते, त्यात नवल नाही. रात्री लाइट जायच्या भीतीनं घाईघाईत प्रिंट दिली. बघतो तर पहिल्या पानाचा कोपरा रिकामा, आणि दुसऱ्या पानावर एकटं 'आपले विनीत' आणि त्याच्याही वर कोपऱ्यात झेंडा.

झालं असं होतं. मी चित्र टाकलं तेव्हा कर्सर शेवटी 'आपले विनीत'पाशी होता. तिथून चित्र मोकळं करून मी वरच्या कोपऱ्यात नेलं, पण त्याच्या आधीच या चित्राला 'लॉक अँकर'ची, म्हणजे अँकर कुलूपबंद ठेवायची खूण मी लावून ठेवली होती. म्हणजे चित्र वर, खुंटी खाली. तीन नावांनी मजकूर वाढला, शेवटची ओळ दुसऱ्या पानावर ढकलली गेली आणि झेंडा तिच्या मागं गेला. कोपऱ्यातली जागा मात्र त्यानं अगदी बरोबर राखली, फक्त पान चुकीचं.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती. चित्रावर क्लिक करून खूण काढली, नांगराचं चिन्ह माउसनं पकडून शीर्षकाच्या ओळीपाशी ओढलं, मग परत 'लॉक अँकर' लावलं. शीर्षक काही दुसऱ्या पानावर जाणार नाही, त्यामुळं झेंडाही जाणार नाही. मग आणखी चार नावं आली तरी चालली असती. आलीही.

'लॉक अँकर' या नावानं मात्र खूप जण फसतात. लोकांना वाटतं, ही खूण केली की चित्र हलणार नाही. चित्र हलतं, माउसनं ओढलं की मजेत हलतं. हलत नाही ती फक्त खुंटी. खूण नसेल तर चित्र ओढताना वर्ड आपल्या मनानं खुंटी जवळच्या परिच्छेदापाशी नेत राहतं. असेल तर ती आहे तिथंच राहते, आणि मग चित्र दुसऱ्या पानावर ओढून नेताच येत नाही.

ही खूण कुठं असते? चित्रावर उजवं क्लिक, 'रॅप टेक्स्ट', मग 'मोअर लेआउट ऑप्शन्स', आणि तिथं 'पोझिशन'चा टॅब. खालच्या भागात चार खुणा आहेत, त्यातली एक. हा टॅब ओळखीचा करून घ्या, पुढं पुन्हा लागणार आहे.

ओळीतलं चित्र की मोकळं चित्र

आता मूळ निर्णय. वर्ड २०१३ पासून पुढं चित्रावर क्लिक केलं की उजव्या वरच्या कोपऱ्याशी एक छोटं बटण येतं, त्यात सात पर्याय असतात. पहिला 'इन लाइन विथ टेक्स्ट'. बाकीचे सहा, म्हणजे स्क्वेअर, टाइट, थ्रू, टॉप अँड बॉटम, बिहाइंड टेक्स्ट, इन फ्रंट ऑफ टेक्स्ट, सगळे मोकळ्या चित्राचे.

माझं स्पष्ट मत: प्रबंध, अहवाल, प्रकल्प असल्या लांब फाइलमध्ये पहिला सोडून दुसरा पर्याय वापरूच नका. ओळीतलं चित्र म्हणजे एक मोठं अक्षर. 'क'च्या जागी फोटो, एवढाच फरक. वर ओळी वाढल्या तर ते अक्षरासारखं खाली सरकतं, कमी झाल्या तर वर येतं, दोन वाक्यांच्या मधून उडी मारत नाही. मधोमध आणायचं तर कंट्रोल-ई, झालं. पोरांना ते आवडत नाही, कारण माउसनं हवं तिथं ओढता येत नाही. पण ओढता येतं म्हणूनच तर ते पळतं.

ओळीतल्या चित्राची दोन दुखणी मात्र आहेत आणि दोन्ही हमखास येतात.

पहिलं: फोटो टाकला आणि त्याची बोटभर पट्टीच दिसते, बाकीचा मजकुराखाली गाडला गेलाय. इथं फोटो बिघडलेला नाही. त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' आहे, समजा २० पॉइंट. तुम्ही वर्डला सांगितलंय की ओळीची उंची वीसच ठेव, आणि फोटो हे अक्षर, मग त्यालाही वीसच मिळणार. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'सिंगल' किंवा 'ॲट लीस्ट' करा, फोटो लगेच पूर्ण दिसेल. टेबलच्या रकान्यात फोटो कापला जात असेल तर आधी हेच बघा, मग रांगेची उंची 'एक्झॅक्टली' तर नाही ना ते बघा.

दुसरं जरा लबाड आहे. कंट्रोल-ई मारलंय, तरी फोटो थोडा उजवीकडंच दिसतो. पट्टीनं मोजून माणसं माझ्याकडं घेऊन येतात. कारण परिच्छेदाच्या पहिल्या ओळीला अर्धा इंच मोकळी जागा सोडलेली असते, मजकुरासाठी. फोटोची ओळ हीसुद्धा पहिलीच ओळ, म्हणून तिलाही तेवढी जागा सुटते आणि उरलेल्या जागेच्या मधोमध फोटो बसतो. म्हणजे पाव इंच सरकलेला. फोटोच्या परिच्छेदाचं 'फर्स्ट लाइन' इंडेंट काढून 'नन' करा.

पन्नास फोटो असतील तर हे पन्नासदा करत बसू नका. एक स्टाइल, म्हणजे एकदम लावता येणारा सेटिंगचा संच, बनवा, तिला 'चित्र' असं नाव द्या: मधोमध, इंडेंट नाही, सिंगल स्पेसिंग, आणि 'कीप विथ नेक्स्ट'वर खूण. ही शेवटची खूण फार कामाची. तिच्यामुळं फोटो आणि त्याच्या खालची 'आकृती ३.२' ही ओळ कधीच वेगवेगळ्या पानांवर जात नाहीत. सुरुवातीला सांगितलेली तक्रार, फोटो पंधराव्यावर आणि नाव चौदाव्यावर, ती इथंच मिटते.

मोकळंच ठेवायचं असेल तर

पत्रिका, जाहिरात, ओळखपत्र, शाळेचा लोगो, बायोडाट्यातला फोटो. इथं मोकळं चित्र लागतंच. मग त्या कोपऱ्यातल्या बटणात खाली दोन गोल दिसतात: 'मूव्ह विथ टेक्स्ट' आणि 'फिक्स पोझिशन ऑन पेज'. यातल्या दुसऱ्यावर लोकांचा अंधविश्वास आहे. 'फिक्स' म्हटलं म्हणजे खिळाच ठोकला असं वाटतं. वर्ड एवढंच करतं, की चित्राचं अंतर परिच्छेदापासून न मोजता पानाच्या कडेपासून मोजतं. कुठल्या पानाच्या? ज्या पानावर खुंटी असेल त्या. झेंड्याची गोष्ट आठवा. तो 'फिक्स'च होता.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये चित्र थेट पानाला बांधायची सोय आहे, तिकडून आलेल्यांना म्हणून वर्ड चक्रावून टाकतं. वर्डमध्ये तशी सोय नाही.

चित्र कडेला अचूक लावायचं असेल तर माउसनं अंदाजे ओढू नका. वर सांगितलेल्या 'पोझिशन' टॅबमध्ये आडव्यासाठी 'अलाइनमेंट' निवडा, 'राइट', आणि 'रिलेटिव्ह टू'मध्ये 'मार्जिन'. म्हणजे उजव्या समासाला चिकटून. उद्या समास बदलला तरी चित्र त्याच्यासोबत सरकेल. 'ॲब्सोल्यूट पोझिशन'मध्ये आकडा टाकून 'पेज'पासून मोजलं तर कागद बदलल्यावर घोळ होतो. आपल्याकडं बऱ्याच कॉम्प्युटरवर वर्डचा कागद 'लेटर' असतो, ८.५ गुणिले ११ इंच, आणि प्रिंटरमध्ये असतो ए-४, २१० गुणिले २९७ मिलिमीटर. ए-४ थोडा अरुंद आणि थोडा लांब. कोपऱ्यातला लोगो मग बाहेर निघालेला दिसतो. कामाला बसल्यावर पहिल्यांदा कागद ए-४ करून घ्या, नंतर केलं की सगळी पानं हलतात.

बारीक सरकवायचं तर चित्र निवडून कंट्रोल दाबून बाणांच्या कळा वापरा. माउसनं ओढताना चित्र टप्प्याटप्प्यानं उड्या मारत असेल तर ते अदृश्य चौकटीला चिकटतंय. ऑल्ट दाबून ओढा, मोकळं फिरतं.

आणि 'बिहाइंड टेक्स्ट' केलेलं चित्र परत पकडता येत नसेल, तर ऑल्ट-एफ१०. उजवीकडं सगळ्या वस्तूंची यादी येते, तिथून निवडा. यादीतही नसेल आणि तरी दर पानावर दिसत असेल, तर ते हेडरमध्ये आहे. पानाच्या वरच्या समासात डबल क्लिक करा, सापडेल.

बाण मागं राहतात, फोटो पुढं जातो

कीटकशास्त्राच्या मुलांचं खास दुखणं. बोंडाचा फोटो, त्यावर अळी दाखवणारा लाल बाण, शेजारी मजकुराची चौकट. फोटो ओळीतला, बाण मोकळा, चौकट मोकळी. फोटो खाली सरकला की बाण आधीच्या पानावर कुठल्यातरी वाक्याकडं बोट दाखवत उभा. मार्गदर्शकांनी एकाला विचारलं म्हणे, "अळी या शब्दात आहे का?"

तिघांना एका दावणीला बांधा. आधी फोटोला स्क्वेअर करा, कारण ओळीतलं चित्र ग्रुपमध्ये येत नाही. मग फोटोवर क्लिक, कंट्रोल दाबून बाणावर, चौकटीवर क्लिक, आणि उजवं क्लिक करून 'ग्रुप'. आता ही एकच वस्तू झाली. तिला परत 'इन लाइन विथ टेक्स्ट' करा. बाणासकट फोटो ओळीत बसतो आणि अळी सुटत नाही.

दोन फोटो शेजारी-शेजारी हवे असतील, फवारणीआधी आणि फवारणीनंतर, तर दोन रकान्यांचं टेबल घाला, रेघा काढून टाका, प्रत्येक रकान्यात एक ओळीतला फोटो. टेबलच्या ऑप्शन्समध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स' बंद करा, नाहीतर मोठा फोटो लहान्याची जागा खातो. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सह्यांच्या जागाही अशाच टेबलात घ्या. स्पेसबार दाबून दाबून सरपंचांना उजवीकडं नेऊ नका.

दुकानात नीट, घरी बिघडतं

हे मराठीचं स्वतःचं दुखणं आहे. फाइल एका कॉम्प्युटरवर कृतीदेवमध्ये किंवा श्रीलिपीमध्ये केलेली, दुसऱ्यावर तो फॉन्ट नाही. तिथं अक्षरांऐवजी इंग्रजी कचरा दिसतोच, पण शब्दांची रुंदीही बदलते, ओळी वेगळ्या तुटतात, परिच्छेद दुसऱ्या पानावर जातात, आणि खुंट्यांबरोबर सगळे फोटो. युनिकोडमध्येही थोडा फरक पडतो. मंगल फॉन्टची ओळ उंच, कोकिला फॉन्ट त्याच आकड्याला बराच लहान. एकाच्या जागी दुसरा आला की पानांची संख्याच बदलते.

फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं फॉन्ट फाइलमध्येच घालून ठेवायची खूण आहे, 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'. फॉन्टच्या परवान्यात मुभा असेल तर चालते. छपाईला, बाइंडिंगला किंवा व्हॉट्सॲपवर द्यायचं असेल तेव्हा मी वर्डची फाइल देतच नाही, पीडीएफ देतो. मोबाइलवर वर्डची फाइल उघडून "फोटो हललाय" म्हणणाऱ्याला आधी पीडीएफ उघडायला सांगा.

जुनी 'डॉक' फाइल उघडली की वर खिडकीच्या नावात 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' दिसतं. तसं असेल तर फाइलची एक प्रत काढून 'इन्फो'मधून 'कन्व्हर्ट' करा आणि मगच दुरुस्तीला हात घाला. कन्व्हर्ट करताना मांडणी थोडी हलू शकते, म्हणून ते आधी.

पार विस्कटलेली फाइल आली तर

जेव्हा साठ फोटो साठ दिशांना गेलेले असतात, तेव्हा मी असा बसतो. प्रत काढतो. ठिपके आणि खुणा चालू करतो. बहुतेकदा दिसतं, की नवीन प्रकरण नव्या पानावर आणायला पोरानं वीस-वीस एंटर मारलेत. ते काढून कंट्रोल-एंटर, म्हणजे पेज ब्रेक. मग पहिल्या पानापासून खाली येत एकेक फोटो ओळीत घेतो आणि 'चित्र' स्टाइल लावतो. कायम वरून खाली. खालून सुरू केलं तर वरचा एक फोटो हलला की खालचं केलेलं पुन्हा तपासावं लागतं. मजकूर अजून बदलायचा असेल, मार्गदर्शकांच्या सुधारणा यायच्या असतील, तर मी पानांची मोकळी जागा जुळवत बसत नाही. ती सगळ्यात शेवटी. साठ फोटोंना साधारण एक चहा जातो, बाण असतील तर दोन.